दोन भाऊ, एक दगड आणि तीन तुकडे झालेलं पुस्तक

पुस्तक माझ्याकडे वाचायला आलं नव्हतं, बांधायला आलं होतं. म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. जून-जुलैत आमच्याकडे दोनच कामं: दाखल्यांच्या झेरॉक्सा आणि पावसाळी हवेनं सुटलेली पुस्तकं. आरतीसंग्रह, ज्ञानेश्वरी, वकिलांची जाडजूड कायद्याची पुस्तकं, क्वचित एखादं चर्चचं कोंकणी प्रार्थनेचं पुस्तक. त्यात एका शुक्रवारी, भर बाजाराच्या गर्दीत, साळगावचा एक मुलगा आला. प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावलेलं इंग्रजी पुस्तक, सरळ तीन तुकडे झालेलं. "काका, हें बांदूंक जातलें मरे?"

जेफ ग्रब या लेखकाची 'द ब्रदर्स वॉर', १९९८ सालची कादंबरी. त्यानं ती कुठूनशी जुनी, वापरलेली मागवली होती. माझं लक्ष आधी गेलं ते कण्याकडे. या जातीच्या अमेरिकन पॉकेटबुकांना शिलाई नसतेच. पानं एकावर एक रचायची, कण्याकडून कापायची, गरम सरस ओतायचा, वर कव्हर. आपल्या हवेत असा सरस इतकी वर्षं टिकला हेच खूप झालं. पानं सुटी असली की जुजबंदी करता येत नाही, दोरा घालायला घडीच नसते. कडेनं दाभणानं भोकं पाडून शिवावं, तर आतला समास नखाएवढा. अक्षरं शिवणीत जातात. मग एकच वाट उरते. जुना सरस खरवडायचा, पानं ठोकून सरळ करून शिकंज्यात आवळायची, कण्यावर करवतीनं चार खाचा पाडायच्या, त्यांत दोरा बसवून फेव्हिकॉल भरायचा आणि वरून मलमलीची पट्टी. एरवी दोन दिवसांचं काम, पावसात चार.

मी त्याला आठ दिवस सांगितले. खरं कारण असं की पानं क्रमानं आहेत का हे बघायला पहिला तुकडा उघडला आणि दुकान बंद करायची वेळ झाली तरी उभ्यानंच वाचत होतो.

पुस्तक तीन तुकड्यांत असण्याचा एक फायदा असतो, तो या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हता: एकाच वेळी तिघं वाचू शकतात. माझा पहिला तुकडा संपला तो दुकानातल्या बाकावर रोज येऊन बसणाऱ्या मास्तरांनी उचलला. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. इंग्रजी सावकाश वाचतात, पण ओळ सोडत नाहीत. मी दुसऱ्यात होतो. तिसरा मी घरी टेबलावर ठेवला होता, तो बायकोनं वाचायला घेतला. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवते आणि कुठलीही कादंबरी शेवटाकडून वाचायला तिला काही वाटत नाही. त्यामुळे हे परीक्षण माझ्या एकट्याचं नाही. एका पुस्तकाची तीन वेगळी पुस्तकं झाली, त्यांचं आहे. शेवट कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी इथंच थांबावं.

आधी हे पुस्तक ज्यातून निघालं त्या खेळाबद्दल. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला, रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या माणसानं तयार केलेला. दोघं खेळाडू, प्रत्येकाचा आपापला किमान साठ पानांचा गठ्ठा, वीस प्राण, सुरुवातीला हातात सात पानं. पाच रंग, प्रत्येक रंगाची आपली भूमी: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. भूमीचं पान आडवं करायचं, त्यातून शक्ती घ्यायची, त्या शक्तीवर प्राणी नाहीतर मंत्र उतरवायचे. घरी हे सांगायला सुरुवात केली तर बायको म्हणाली, "पत्त्यांवरून कादंबरी? मग मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर रोज रात्री महाकाव्यं होत असतील." बोलायला ठीक आहे. पण या खेळात पैसा लावत नाहीत. तो जातो पानं विकत घेण्यात, आणि बराच जातो असं त्या मुलाचा चेहराच सांगत होता.

दुसऱ्या तुकड्यात एक पान सापडलं. म्हणजे पत्त्याचं पान, खूण म्हणून ठेवलेलं. बरं झालं आधी सापडलं, नाहीतर कटिंगला गेलं असतं. लाकडी पंखांचं उडणारं यंत्र, नाव 'ऑर्निथॉप्टर'. खाली कोपऱ्यात शून्य आणि दोन. नंतर मुलानं समजावलं: हे पान उतरवायला काही खर्च पडत नाही, ते हल्ल्यात शून्य इजा करतं, दोनपर्यंत मार सोसतं आणि उडतं. एवढंच. फुकटात येणारं, कोणाला न मारणारं, उडणारं. मी ते काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि वाचताना मधूनमधून बघत राहिलो. का, ते पुढं येईल.

कथा थोडक्यात अशी. उर्झा आणि मिश्रा हे भाऊ. (मिश्रा म्हटल्यावर डोळ्यांसमोर हिंदी मालिकेतला पान खाणारा शेजारी येतो, पहिली पन्नासेक पानं हा त्रास सहन करावा लागतो.) एक वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेला, दुसरा त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे वर्षातला एक दिवस दोघं एकाच वयाचे. वाळवंटात तोकासिया नावाची बाई जुन्या, नाहीशा झालेल्या लोकांची यंत्रं उकरून काढते. तिच्या तळावर ही मुलं वाढतात. उर्झा अबोल, यंत्रात डोकं घालून बसणारा. मिश्रा बोलका, मजुरांत मिसळणारा. एका गुहेत त्यांना शक्तीचा दगड सापडतो आणि हात लागताच त्याचे दोन भाग होतात. एक अर्धा बळ वाढवतो, दुसरा बळ काढून घेतो. ज्याच्या त्याच्या वाट्याला जो आला तो आला, आणि तिथून दोघांनाही झोप नाही. दुसऱ्याचा अर्धा मिळाल्याशिवाय आपला पुरा नाही.

मास्तरांनी पहिला तुकडा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "अरे, ही तर वाटणी आहे."

मराठी माणसाला इथं महाभारत आठवणार, मलाही आठवलं. पण ते लागू पडत नाही. महाभारतात कोणाची बाजू धरायची हे लहानपणीच ठरलेलं असतं. इथं दोघंही सारखेच चुकतात आणि समजूत घालणारी एकुलती एक बाई, तोकासिया, दोघांच्या भांडणात दगडांच्या स्फोटात मरते. भाऊबंदकी हाच खरा शब्द. गोव्यात ज्यांनी घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली वाटणी, कोर्टात चाललेली पाहिली आहे, त्यांना हा भाग वाचताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आमचे वडील डिचोलीला बायंडिंग करायचे. ते गेल्यावर लोखंडी शिकंजा माझ्या वाट्याला आला, कटिंग मशीन थोरल्याच्या. शिकंज्याशिवाय कटिंग मशीन आणि कटिंग मशीनशिवाय शिकंजा, दोन्ही म्हणजे भंगार. ते दोघांनाही पहिल्या दिवसापासून कळत होतं. आजही मी कटिंग बाहेरून करून आणतो, त्याच्याकडून नाही. तेव्हा त्या दगडाच्या पानांवर मी जरा जास्त रेंगाळलो असेन तर तो दोष पुस्तकाचा नाही.

पुढं उर्झा क्रूग नावाच्या राजधानीत जातो, घड्याळजीकडे कामाला राहतो. तिथला राजा पैज लावतो: जेडच्या दगडाचा प्रचंड पुतळा जो हलवील त्याला राजकन्या. सगळे पैलवान येऊन घाम गाळून जातात. हा यंत्र करून पुतळा हलवतो. धनुष्य आपल्याला माहीत आहे, पण इथली गंमत वेगळी आहे. त्याला राजकन्या नकोच असते. तिच्या हुंड्यात एक जुना ग्रंथ आहे, तो पाहिजे असतो. लग्न लागतं, हा ग्रंथ घेऊन कार्यशाळेत जातो, आणि कायला बिन-क्रूग हिचा संसार तिथून जो चालू होतो तो वर्णनापेक्षा न वर्णिलेल्या गोष्टींतूनच जास्त कळतो. दार बंद, दिवा जळतोय, जेवण गार. आमच्या घरी हे वाचून दाखवलं तेव्हा मोठं शांत वातावरण झालं. मी विषय बदलला.

मिश्रा तोपर्यंत वाळवंटातल्या फल्लाजी टोळ्यांत गुलाम. तळावरचा एक जुना मजूर त्याला ओळखतो म्हणून वाचतो, टोळीप्रमुखाच्या मुलाचा शिक्षक होतो, मग सल्लागार, मग स्वतःच सर्वेसर्वा. वाळवंटातलं अजस्र यंत्र, ड्रॅगन-इंजिन, त्याचं ऐकतं. इथं माझी एक तक्रार आहे. फल्लाजी म्हणजे उंट, तंबू, तलवारी आणि गरम डोकं. शहरवाले कसे निदान मूर्ख, धूर्त, चांगले, कंटाळवाणे असे निरनिराळे आहेत. वाळवंटातला मात्र एकूण एक माणूस एकाच साच्यातला, एखाददुसरा सोडला तर. लेखकाला क्रूगचा घड्याळजी दिसला होता, टोळीतला पाणक्या दिसला नाही.

आणि मग वाटाघाटी. दोन्हीकडची माणसं तहाला बसतात आणि शहराचा राजा, जावयानं केलेली उडती यंत्रं घेऊन, त्या बैठकीवरच हल्ला करवतो. यंत्रांतून स्फोटकं पडतात. ती यंत्रं म्हणजे माझ्या काचेखालचं ऑर्निथॉप्टर! भावांनी लहानपणी तळावर जोडून उडवलेलं, दोघांनी मिळून केलेली शेवटची चांगली वस्तू. खेळात त्या पानावर हल्ल्याच्या जागी शून्य छापलंय. कादंबरीत तेच पान माणसं मारतं. मी हे त्या मुलाला सांगितलं तर तो गप्प झाला, मग म्हणाला, "हांवें कितले फावटी खेळ्ळां तें कार्ड, पूण अशें केन्नाच चिंतूंक ना."

पत्ते आणि गोष्ट यांचं नातं काय, हा प्रश्न इथं येतो. माझी सासुरवाडी सावंतवाडीची. तिथल्या राजवाड्यात लाखेचं रंगकाम करून गंजिफा बनवतात. गोल पानं, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांच्या प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस. दिवसा खेळायला बसलात तर रामापासून सुरुवात, रात्री कृष्णापासून. त्या पानांवर एक अक्षर लिहिलेलं नसतं. लागतच नाही. वराह कोण हे पानं वाटण्याआधीच सगळ्यांना ठाऊक. गोष्ट आधी होती, पानं मागून आली. 'मॅजिक'मध्ये उलटं. १९९३ च्या पहिल्या पानांत 'सनग्लासेस ऑफ उर्झा' नावाचं पान आहे, खरंच, काळा चष्मा! तेव्हा उर्झा म्हणजे एक मजेशीर नाव, एवढंच. १९९४ च्या 'अँटिक्विटीज' संचात दोन भावांचं युद्ध आलं, तेही तुकड्यातुकड्यानं, पानांच्या तळाशी तिरक्या अक्षरांतल्या दोन-दोन ओळींत. कोणाची तरी वेदी, कोणाची शवपेटी, कोणाचा मनोरा. मग ग्रबसाहेबांना सांगितलं असणार की हे घ्या सुटे कागद, यांचं पुस्तक करा. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटणारच.

बरीचशी बांधणी त्यांनी चांगली केली आहे. जिथं करवतीची खाच दिसते तिथं दिसतेच. मध्येच एखादी वस्तू येते, तिला नाव मिळतं, तिचं दोन ओळींत वर्णन होतं आणि पुढं तिचं काही होत नाही. पहिल्यांदा वाटलं लेखक विसरला. मग लक्षात आलं, हे पान असणार. मुलाला विचारलं की तो हसून मान हलवायचा. खेळणाऱ्याला तिथं जत्रेत ओळखीचा भेटल्याचा आनंद होतो, आमच्यासारख्यांना फक्त रस्त्यातला खड्डा लागतो. दुसऱ्या तुकड्यात, 'तिसरा मार्ग' म्हणवणाऱ्या विद्वानांच्या प्रकरणांत, असे खड्डे फार. दोन्ही भावांच्या बाहेर राहून युद्ध थांबवू पाहणारी ही मंडळी. कल्पना उत्तम, पण त्यांच्या सभा वाचताना मी दोनदा डुलकी काढली.

मला या पुस्तकात सगळ्यांत काय आवडलं, तर भाऊ नव्हेत. तावनोस आणि अश्नोद. तावनोस हा समुद्रकाठचा खेळणी करणारा माणूस, उर्झाचा शागीर्द होतो. अश्नोद ही मिश्राची, लाल केसांची, हुशार, आणि निर्दय: कैद्यांच्या शरीरात फेरफार करून मुर्दाड सैनिक तयार करते. कधी ती याच्या बाजूच्या कैदेत, कधी हा तिच्या. दोघं एकमेकांना सोडवतात. प्रेम म्हणावं तर लेखकानं तो शब्द फार जपून, जवळजवळ न वापरल्यासारखाच ठेवला आहे. दोन मालकांच्या भांडणात अडकलेले दोन कारागीर, ज्यांना समोरच्याचं काम बघून कळतं की हा माणूस कोण आहे. तावनोसला तिच्या कामाची किळस येते आणि हाताची कदर वाटते, दोन्ही एकाच वेळी. हे लिहायला सोपं नाही.

बायकोचं मत निराळं, आणि तिनं तिसरा तुकडा आधी वाचल्यामुळे ते कधीच बदललं नाही. तिला उर्झा भेटला तोच म्हातारा, हट्टी, आयुष्यभर एकच गोष्ट मनात धरलेला. मागाहून पहिला तुकडा वाचून लहानपणचा हुशार, एकलकोंडा मुलगा तिला भेटला तरी तिला त्याची दया आली नाही. "लहानपणी सगळेच गोड असतात," म्हणाली. तिचा खरा प्रश्न कायलाबद्दल होता. मिश्रा तहासाठी क्रूगला येतो, कायलाची आणि त्याची एक रात्र, मग जन्मलेला हार्बिन नक्की कोणाचा हे पुस्तक शेवटपर्यंत उघड बोलत नाही. "दोन्ही भावांनी तिच्यासाठी भांडण केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. भांडले दगडासाठी, ही बाई मध्ये आली म्हणून चेंगरली." खेळाच्या पानांवरच्या त्या तिरक्या ओळींत बऱ्याच ओळी कायलानं लिहिलेल्या महाकाव्यातल्या म्हणून छापल्या आहेत, हे मी तिला सांगितलं. या सगळ्या भानगडीची कवयित्री तीच. मग ती जरा खूश झाली. "म्हणजे शेवटचा शब्द तिचा. मग कादंबरी तिच्या तोंडून का नाही सांगितली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न बरोबर आहे.

आठव्या दिवशी मुलगा एकटा आला नाही, त्याच्याबरोबर खेळणारे आणखी तिघं होते. बाहेर धो धो पाऊस, सगळे दुकानातच अडकले, आणि मला पुस्तकाबद्दल बोलायला आयते वाचक मिळाले. २०२२ च्या नोव्हेंबरात याच युद्धावर नवीन पानांचा संच निघाला, त्यातून ही मंडळी मागं मागं जात या जुन्या पुस्तकापर्यंत पोचली. दोघं उर्झाचे, एक मिश्राचा. चौथा म्हणाला दोघांनाही समुद्रात बुडवा. मिश्रावाल्याचं म्हणणं असं की धाकट्याला कायम दुय्यम वागवलं तर तो दुसरं काय करणार. मी थोरला नाही, तेव्हा मी त्याच्या बाजूनं मान डोलावली.

पण गिक्सवरून आमचं जोरात वाजलं. गिक्स हा यंत्रलोकातला राक्षस, भावांनी गुहा उघडल्यामुळे जागा झालेला. त्याचे पुजारी दोन्हीकडे घुसतात, आणि शेवटी मिश्राच्या कातडीखाली माणूस फारसा उरलेलाच नसतो, सगळं यंत्र. मुलांच्या मते हा पुस्तकातला सर्वांत जबरदस्त क्षण. माझ्या मते इथं लेखक घाबरला. चारशेच्या आसपास पानं दोन भावांनी आपल्या हातानं सगळं नासवलं हे सांगायचं आणि शेवटी एक राक्षस आणून उभा करायचा, म्हणजे गावात भाऊ भांडले की करणीला दोष देतात तसं झालं. कोणीतरी बाहेरचा पाहिजेच. मुलं म्हणाली, काका, गिक्स नसला तर पुढची सगळी पुस्तकं, सगळे संच कोसळतील. त्या यंत्रलोकाशी लढाई हीच पुढची मुख्य कथा. असेल. म्हणजे राक्षस कथेला लागत नव्हता, पुढच्या पानांच्या गठ्ठ्यांना लागत होता. हे मी म्हटल्यावर थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज.

आर्गोथवर मात्र आम्हा सगळ्यांचं एकमत झालं. दोघांचे देश ओरबाडून संपतात. डोंगर पोखरले, जंगलं तोडली, नद्या काळ्या. मग कळतं की समुद्रात आर्गोथ नावाचं एक बेट आहे, अजून हात न लागलेलं, लाकूड आणि धातूनं भरलेलं. दोघंही तिकडे धावतात. तिथल्या लोकांना कोणी विचारत नाही. तुम्ही डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात वाढला असाल तर ही प्रकरणं कल्पनारम्य म्हणून वाचता येत नाहीत. आमच्या दुकानासमोरून खनिजाचे ट्रक जायचे, रांग संपायची नाही. वडील संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुस्तकं पुसायचे आणि फडकं विटेच्या रंगाचं व्हायचं. शेवटची पानं चिकटवायला केलेल्या खळीतसुद्धा ती धूळ असायची. मोरचूद घातलेली ती निळसर खळ तासाभरात तांबूस दिसायला लागायची. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा गावात अर्ध्या घरांतून सुटकेचा श्वास निघाला, अर्ध्या घरांत चूल कशी पेटणार हा प्रश्न, आणि कित्येक घरांत दोन्ही एकाच छपराखाली. पुस्तकात ही दुसरी बाजू नाही. आर्गोथवर झाड तोडणारा मजूर काय विचार करत होता, ट्रकचा हप्ता त्यालाही असेल की नाही, हे येत नाही. तरी झाडांचं ते वर्णन वाचून मास्तर, जे एरवी शेवटापर्यंत जात नाहीत, तिसरा तुकडा मागून घरी घेऊन गेले.

शेवट सांगून टाकतो, कारण शेवटात धक्का असा नाहीच. अश्नोदनं तावनोसच्या हाती दिलेलं एक भांडं उर्झाकडे येतं, तो ते वापरतो, बेट जातं, युद्ध जातं, हवामानच बदलतं. दगडाचे दोन्ही अर्धे एकदाचे त्याला मिळतात, डोळ्यांच्या जागी. जन्मभर जे मागितलं ते असं मिळालं. ही कल्पना नुसती भयंकर नाही, नीट मोजून ठेवलेली आहे. ग्रब यांना इथं पैकीच्या पैकी.

भाषा साधी आहे. सजावट कमी, वाक्यं लहान, लढायांपेक्षा कारखाने चांगले. फँटसी म्हटल्यावर जी बोजड, जुनाट इंग्रजी असते तिचा त्रास नाही; दहावीनंतर इंग्रजी वाचायची सवय असलेल्याला अडणार नाही. खेळ येत नसला तरी पहिला तुकडा बिनधास्त घ्या, दुसऱ्यात विद्वानांच्या सभा चाळल्या तरी चालेल, तिसरा सलग एका बैठकीत. खेळ येत असेल तर माझ्या शिफारशीची गरज नाही, तुमच्याकडे ते आधीच असेल आणि बहुधा त्याचाही सरस सुटत आला असेल. असली पॉकेटबुकं पावसाळ्यात कपाटात उभी ठेवू नका, आडवी ठेवा, आणि पुरी उलटी दुमडून तर कधीच वाचू नका.

मुलानं बांधलेलं पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, उघडलं. मध्यावर पोचल्यावर थांबला. तिथं माझ्या हातून चूक झाली होती, ती मला माहीत होती आणि तो ती पाहणार नाही अशी आशा होती. सरस खरवडताना आठ-दहा पानं नीट ठोकली गेली नव्हती, कण्याकडं जास्त आत बसली, आणि ओळींची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं फेव्हिकॉलमध्ये गेली. तावनोस-अश्नोदचीच पानं. मी म्हटलं, पैसे कमी दे. त्यानं बोट त्या गिळलेल्या समासावर ठेवलं आणि ओळ मोठ्यानं वाचली, नसलेल्या अक्षरांसकट, न अडखळता. मग खालची. मग पान उलटून पलीकडचीसुद्धा.

दीडशे झाले होते. त्यानं दोनशेची नोट दिली, माझ्याकडे सुट्टे नव्हते, काचेखालचं पान काढून त्याला परत दिलं तर म्हणाला, पन्नास राहू दे काका, आणि कार्डही राहू दे.